लेखनाचे ऑनलाइन वर्ग: तुमचं पान कोण वाचतं?

निळी_शाई

गेली साडेतीन वर्षं मी कथा लिहायला शिकतेय आणि ते सगळं शिक्षण लॅपटॉपसमोर बसून झालंय. एकूण पाच ऑनलाइन वर्ग केले. दोन अर्ध्यावर सोडले, दोन पूर्ण केले आणि एका वर्गाने माझं लिहिणं बदललं. इथे दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतं, "लेखनाचा ऑनलाइन कोर्स करावा का? कुठला?" उत्तरं ठरलेली येतात. कुणी म्हणतं, लेखन शिकवून येत नाही. कुणी म्हणतं, अमुक मोठे लेखक शिकवतायत, डोळे झाकून नाव नोंदवा. मी दोन्ही सल्ले ऐकून पाहिलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिला वर्ग एका नावाजलेल्या लेखकाचा होता. नाव घेत नाही. आठ रविवार, दीड दीड तास. ते बोलायचे फार सुरेख, मी वह्या भरभरून टिपणं काढली. दर आठवड्याला ५०० शब्दांचा गृहपाठ असायचा, तो एका सामायिक फोल्डरमध्ये टाकायचा. मी आठही टाकले. एका गृहपाठासाठी रात्री दोनपर्यंत जागले होते, कारण त्यात पहिल्यांदाच आजोबांबद्दल लिहीत होते. शेवटच्या रविवारी धीर करून विचारलं, "सर, माझं वाचलंत का?" ते प्रामाणिकपणे म्हणाले की इतक्या जणांचं वाचणं त्यांना जमलं नाही. सर्टिफिकेट दुसऱ्या दिवशी मेलवर आलं. मी ते आजवर उघडलेलं नाही. राग आला नव्हता, पोटात खड्डा पडला होता. आठ आठवडे मी कुणाशी तरी बोलतेय असं समजत होते.

त्यानंतर रेकॉर्ड केलेले कोर्स घेतले. मास्टरक्लास हे नामवंतांच्या रेकॉर्ड केलेल्या कोर्सचं संकेतस्थळ २०१५ साली सुरू झालं, आणि मोठा लेखक कॅमेऱ्याकडे बघून बोलतोय, आपण घरबसल्या ऐकतोय, हे आता सगळ्यांच्या ओळखीचं झालंय. त्यातून काही मिळत नाही असं मी म्हणणार नाही. जगभर वाचला जाणारा लेखक स्वतःच्या फसलेल्या खर्ड्यांबद्दल मोकळेपणी बोलतो तेव्हा धीर येतो. पण तो धीर मला दोन दिवस पुरायचा. तिसऱ्या दिवशी कोरी फाईल उघडली की मी ती बंद करून पुढचा व्हिडिओ लावायचे. व्हिडिओ बघणं म्हणजे लिहिण्याचंच काम चाललंय, असं मन स्वतःला पटवत राहतं. एका कोर्सचे एकोणीस व्हिडिओ बघून झाले तेव्हा माझं लिहून झालं होतं दीड पान.

आता शेवटच्या वर्गाबद्दल. शिकवणाऱ्या बाईंचं नाव मी आधी ऐकलं नव्हतं. आम्ही नऊ जण होतो. पहिल्याच आठवड्यात मी तेच आजोबांचं पान दिलं. त्याची सुरुवात अशी होती:

"आजोबा गेले आणि घर सुनंसुनं झालं. प्रत्येकाच्या मनात एक पोकळी निर्माण झाली होती."

बाईंनी या ओळींवर एकच कॉमेंट टाकली: "ते गेल्यानंतरच्या सकाळी घरात सगळ्यात आधी कशाचा आवाज झाला?"

मी तीन दिवस तो प्रश्न डोक्यात घेऊन वावरले. चौथ्या दिवशी लिहिलं:

"साडेपाचला आजोबांच्या फोनचा गजर वाजला. काकाने उठून बंद केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजला. फोन उघडायचा पॅटर्न कुणालाच माहीत नव्हता, त्यामुळे गजर कायमचा काढता येईना. पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं, तो फोन कुणीतरी रोज चार्जिंगला लावतंय."

हे मी वर्गात वाचून दाखवलं तेव्हा थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एकाने विचारलं, "कोण लावायचं?" आणि माझी कथा खरं तर तिथून सुरू होते हे मला तेव्हा कळलं. बाईंनी मला एकही वाक्य सुचवलं नव्हतं. त्यांनी पान वाचलं होतं, आणि मी कुठल्या जागी नजर वळवून पळून गेलेय ते ओळखलं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की शिकवणारा केवढा मोठा आहे हे नंतर बघा. तुमचं पान कोण वाचणार, किती वेळा वाचणार, वाचल्यावर काय करणार, हे आधी विचारा. तुमचे अनुभव वेगळे असतील तर जरूर लिहा. ज्यांनी शिकवलंय त्यांनी तर लिहाच.

वाचनमात्र

चार्जिंगच्या ओळीला अंगावर काटा आला. वाचनखूण साठवतेय.

अर्धविराम

धागा आवडला. पण "लेखन शिकवून येत नाही" म्हणणाऱ्यांपैकी मी एक आहे आणि माझं मत पुरतं बदललेलं नाही.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाची लेखन कार्यशाळा १९३६ पासून चालू आहे. चार-दोन जणांनी एकमेकांची पानं वाचायची आणि त्यावर बोलायचं, ही पद्धत जगभर रुजली ती मुख्यतः तिथून. आणि त्यांची स्वतःची भूमिका काय? व्हायोलिन किंवा चित्रकला शिकता येते तसं लेखनही शिकता येतं, पण बाहेरून दिलेल्या कुठल्याही प्रशिक्षणाने ते उत्तम साधेलच याची हमी नाही. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर ते एवढंच म्हणतात. आणि इथे जाहिराती "सहा आठवड्यांत कादंबरीकार व्हा" म्हणून येतात. नव्या माणसाला असलं आश्वासन देणं मला अन्यायाचं वाटतं.

दुसरं, ऑनलाइन कोर्स लोक पूर्ण करतच नाहीत. हा केवळ माझा समज नाही. एमआयटी आणि हार्वर्ड यांचे एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर जे कोर्स आहेत, त्यांचा अभ्यास २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. सगळ्या विषयांचे कोर्स धरून, २०१७-१८ या वर्षात नाव नोंदवलेल्यांपैकी ३.१३ टक्के लोकांनी कोर्स पुरा केला. शंभरात तीन. मग जो शेवटपर्यंत टिकतो तो कोर्समुळे शिकला की मुळातच चिवट होता म्हणून शिकला? तो माणूस तेवढाच वेळ चांगलं साहित्य वाचण्यात घालवता तर जास्त शिकला असता, असं मला मनापासून वाटतं.

निळी_शाई, तुम्हाला भेटल्या त्या बाई अपवाद आहेत. अपवादावरून नियम करू नये.

उंबरठा

अर्धविराम, आकडा खरा असेल. मी त्या सत्त्याण्णवांमध्ये तीनदा होते, म्हणून त्या बाजूने सांगते.

माझ्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे. संध्याकाळी दोन तास बाहेर जाऊन वर्गात बसणं मला गेल्या सहा वर्षांत शक्य झालेलं नाही. माझा दिवस रात्री साडेदहाला मोकळा होतो, कधी होतही नाही. माझ्यासाठी रेकॉर्डिंग ही चैन नाही, तोच एक दरवाजा आहे. मी व्याख्यान अकरा-अकरा मिनिटांच्या तुकड्यांत ऐकलंय. मध्येच उठून कूस बदलून द्यायची, औषध द्यायचं, परत येऊन तिथून पुढे. कोर्स अर्धवट सुटला याचा अर्थ मी शिकले नाही असा होत नाही. दृष्टिकोनावरचा, म्हणजे गोष्ट कुणाच्या नजरेतून सांगायची यावरचा, एकच पाठ ऐकून मी कोर्स सोडला होता, कारण त्या पाठाने माझी अडलेली कथा सुटली आणि मी लिहायला बसले. तुमच्या हिशेबात मी नापास.

पण निळी_शाई म्हणतात ते मात्र शंभर टक्के खरं. एका मोफत कोर्समध्ये गृहपाठ सहाध्यायीच तपासायचे. मी आईच्या हातांबद्दल चारशे शब्द लिहिले होते. तीन अभिप्राय आले. दोघांनी लिहिलं, "छान." तिसऱ्याने लिहिलं, "शब्दमर्यादा पाळली आहे." त्या रात्री मी लॅपटॉप मिटला तो दोन महिने उघडला नाही.

नंतर त्याच कोर्सच्या चर्चेत ओळख झालेल्या एका मैत्रिणीशी मी ठरवलं: दर गुरुवारी रात्री अकराला एकमेकींना एक पान पाठवायचं, शुक्रवारी तीन ओळींचं उत्तर. कधीच फोनवर बोललो नाही. तिचा चेहरा मी पाहिलेला नाही. चौदा महिने झाले, मी एकही गुरुवार चुकवलेला नाही, कारण पलीकडे कुणीतरी वाट बघतंय हे मला माहीत असतं.

अर्धविराम

उंबरठा ताई, तुमचा हिशेब मी चुकीचा लावला. माफ करा. अकरा मिनिटांचे तुकडे ही बाजू माझ्या ध्यानातच आली नव्हती.

त्या अभ्यासातलाच आणखी एक आकडा आहे, तो सांगायचा राहिला. पैसे भरून प्रमाणपत्रासाठी नाव नोंदवलेल्यांपैकी ४६ टक्के लोकांनी त्याच वर्षी कोर्स पुरा केला होता. म्हणजे काहीतरी पणाला लागलं की माणूस टिकतो. तुमचा गुरुवार हे बहुधा तसंच पणाला लावणं आहे.

खोडरबर

मी शिकवतो. सात वर्षं प्रत्यक्ष वर्गात शिकवलं, आता पाच वर्षं ऑनलाइन. या धाग्यावर लिहावं की नाही असा विचार करत होतो, पण निळी_शाई यांच्या पहिल्या अनुभवाने अस्वस्थ झालो, कारण मीही एकदा तसंच केलंय.

गणित सांगतो. कुणाचं दोन पानी लेखन नीट वाचायचं, म्हणजे एकदा सलग, मग पुन्हा थांबत थांबत, आणि त्यावर उपयोगी असं काही लिहायचं, तर मला वीस मिनिटं लागतात. बॅचमध्ये साठ जण असतील तर दर आठवड्याला वीस तास नुसतं वाचण्यात जातात. हे कुणालाही झेपत नाही. माझ्या दुसऱ्या ऑनलाइन बॅचमध्ये बावन्न जण होते. तिसऱ्या आठवड्यापासून मी पानं चाळायला लागलो, आणि चाळून लिहिलेला अभिप्राय शिकणाऱ्याला एका क्षणात ओळखू येतो. त्यानंतर मी दहाच्या वर कुणाला घेत नाही. म्हणून फॉर्म भरण्याआधी बॅच किती जणांची आहे ते विचाराच. आणि "वैयक्तिक मार्गदर्शन" असं लिहिलं असेल तर ते कोण करणार, स्वतः शिकवणारे की त्यांचे सहायक, तेही विचारा. सहायक असण्यात काही वाईट नाही, उलट कधीकधी ते जास्त मनापासून वाचतात. आधी माहीत असलं म्हणजे झालं.

अभिप्राय कसा दिला जातो हेही विचारा. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, जरा लांबेल.

एक जुनी रीत आहे, मिलफर्ड पद्धत म्हणतात. डेमन नाइट या विज्ञानकथालेखकाने १९५६ मध्ये अमेरिकेतल्या मिलफर्ड गावी लेखकांचं संमेलन सुरू केलं, तिथून हे नाव पडलं. सगळे गोलात बसतात, एकेक जण कथेवर बोलतो, आणि ज्याची कथा आहे त्याने सगळ्यांचं होईपर्यंत गप्प बसायचं. शेवटी त्याची पाळी. समोरासमोर हे चालतं, कारण बोलणाऱ्याला लेखकाचा चेहरा दिसत असतो आणि तो जीभ आवरतो. झूमवर हीच पद्धत फार क्रूर होऊ शकते. लेखक म्यूटवर, बाकीच्यांचे कॅमेरे बंद, आणि काळ्या चौकोनांमधून आवाज येतायत. माझ्या एका विद्यार्थिनीने अशा सत्रानंतर वर्ग सोडला. ती पुढे लिहिते की नाही मला माहीत नाही, आणि ते मला आजही खुपतं.

तेव्हापासून मी लिझ लेर्मन यांची पद्धत वापरतो. त्या नृत्यदिग्दर्शिका आहेत, १९९० च्या सुमारास त्यांनी ही चार पायऱ्यांची पद्धत बांधली. आधी ऐकणारे सांगतात, काय मनात राहिलं, काय भिडलं. मग ज्याचं काम आहे तो प्रश्न विचारतो, म्हणजे त्याला जिथे शंका आहे तिथेच चर्चा जाते. मग बाकीचे प्रश्न विचारतात, पण प्रश्नात मत लपवायचं नाही. "शेवट इतका घाईचा का केलात?" हा प्रश्न नव्हे, तो आरोप झाला. "शेवटी वाचकाने कुणाबरोबर असावं असं तुम्हाला वाटतं?" हा प्रश्न. आणि सगळ्यात शेवटी मत, तेही परवानगी विचारून: "संवादांबद्दल माझं एक मत आहे, सांगू का?" समोरचा "आत्ता नको" म्हणू शकतो. ऑनलाइन वर्गात ही परवानगी विचारण्याची पायरी फार कामाची आहे. समोरच्याचा चेहरा वाचता येत नसतो, त्यामुळे विचारावंच लागतं.

निळी_शाई, तुमच्या बाईंनी विचारला तो तिसऱ्या पायरीवरचा प्रश्न होता. त्यांनी ही पद्धत शिकली असेल किंवा नसेलही, पण प्रश्न तोच.

अर्धविराम, तुमच्या वाचनाच्या मुद्द्याला माझं अनुमोदन आहे. जो वाचत नाही त्याला मी काहीही शिकवू शकत नाही. पण छापून आलेलं साहित्य वाचताना आपल्याला शेवटचा खर्डा दिसतो, आधीचे दिसत नाहीत. हेमिंग्वेने एका मुलाखतीत सांगितलं होतं की एका कादंबरीचं शेवटचं पान त्याने ३९ वेळा लिहिलं. पुढे त्याच्या कागदपत्रांतून त्या शेवटाचे ४७ नमुने निघाले आणि २०१२ च्या आवृत्तीत ते छापले गेले. हे नव्या लेखकाला डोळ्यांनी दिसायला हवं. मी वर्गात माझी स्वतःची फाईल उघडतो, गूगल डॉकमधला बदलांचा इतिहास दाखवतो, आणि एक परिच्छेद अकरा दिवसांत कसा कसा बदलला ते मागे-पुढे सरकवून बघतो. फळ्यासमोर उभं राहून मला हे कधी करता आलं नव्हतं. प्रत्यक्ष वर्गापेक्षा ऑनलाइन वर्ग मला इथे उजवा वाटतो.

वाचनमात्र

एक विचारते. इतका खटाटोप करण्यापेक्षा एआय चॅटबॉटला पान दिलं तर? तो तर लगेच अभिप्राय देतो, रात्री अकरालाही.

खोडरबर

शुद्धलेखन, एकच शब्द पुन्हा पुन्हा आलाय का, काळ मध्येच बदललाय का, अशा गोष्टींसाठी वापरा. पण त्याने सुचवलेली वाक्यं उचलू नका. माझ्या एका बॅचमध्ये दोघांनी तसं केलं होतं. दोघं स्वभावाने, वयाने, विषयाने एकमेकांपासून शंभर कोस दूर, आणि त्यांची पानं लागोपाठ वाचली तर एकाच माणसाने लिहिल्यासारखी. दोघांनाही ते दाखवलं तेव्हा त्यांनीच मूळ खर्डे परत आणले. ते ओबडधोबड होते, पण त्यांचे होते.

काना_मात्रा

या चर्चेत एक गोष्ट कुणी बोललं नाही. आपल्याला मिळणारं बहुतेक ऑनलाइन शिक्षण इंग्रजीतून आहे आणि आपण लिहितो मराठीत. आयोवाच्याच इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रामने (ही १९६७ ची वेगळी संस्था) २०१४ पासून जगभरच्या लोकांसाठी मोफत ऑनलाइन लेखनवर्ग घेतले. कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर वेस्लियन विद्यापीठाची सर्जनशील लेखनाची मालिका आहे. ब्रँडन सँडरसन हे अमेरिकन कादंबरीकार विद्यापीठात देतात ती व्याख्यानं यूट्यूबवर फुकट बघता येतात. सगळं उत्तम, जरूर बघा. पण तिथला नियम जसाच्या तसा मराठीला लावू नका, भाषा मार खाते.

सगळ्यात गाजलेला सल्ला घ्या: क्रियाविशेषणं काढून टाका. इंग्रजीत त्याला अर्थ आहे. आपल्याकडे चटकन, गपकन, भसकन, टुकूटुकू, पुटपुटत, फुरंगटून हे शब्द आहेत. "तो रागाने बोलला" यातलं "रागाने" काढा, बिनदिक्कत काढा. पण "पोरगं टुकूटुकू बघत होतं" यातलं "टुकूटुकू" काढलंत तर पोरगंच नाहीसं होतं. तो शब्द स्वतःच दृश्य आहे. "दाखवा, सांगू नका" म्हणतात ना, हे शब्द दाखवण्याचंच काम करतात.

दुसरं उदाहरण मला फार आवडतं. इंग्रजी वर्गात एक ठरलेला स्वाध्याय असतो: 'मी'च्या तोंडून गोष्ट सांगा, पण तो पुरुष आहे की स्त्री हे वाचकाला कळू देऊ नका. इंग्रजीत ते सहज जमतं. मराठीत "मी निघालो" किंवा "मी निघाले" म्हटलं की संपलं. मी हा स्वाध्याय हट्टाने मराठीत केला, आणि करता करता माझ्या भाषेचं व्याकरण मला पहिल्यांदा आतून दिसलं. "मी दार उघडलं. पत्र वाचलं. मला हसू आलं. दिवा मालवला." यात कुठेच पत्ता लागत नाही, कारण क्रियापद 'मी'प्रमाणे नाही, तर दार, पत्र, हसू, दिवा यांच्याप्रमाणे बदलतं. पण "मी उठलो", "मी थांबले" आलं की उघड. म्हणजे अशी गोष्ट भूतकाळात सांगताना त्या 'मी'ला उठता येत नाही, जाता येत नाही. तो वस्तूंना हात लावू शकतो, त्याला काही वाटू शकतं, कळू शकतं. एका पानभर अशा माणसाबरोबर राहिल्यावर मला कथेचं पात्रच सापडलं: जागचं न हलणारं, फक्त वस्तू हाताळणारं. हे कुठल्याही परदेशी तज्ज्ञाला मला शिकवता आलं नसतं, पण त्याचा स्वाध्याय नसता तर मीही तिथे पोचले नसते.

आणि तू, तुम्ही, आपण. एका माणसाने दुसऱ्याला कालपर्यंत "तुम्ही" म्हटलं आणि आज "तू" म्हटलं, एवढ्यावर मराठीत अख्खा प्रसंग उभा राहतो. "ये ना", "या ना", "यावं" यात नात्याचं सगळं अंतर मोजलेलं आहे. संवादावरच्या इंग्रजी व्याख्यानात हे येणारच नाही. रीतिभूतकाळाचंही, म्हणजे पूर्वी नेहमी घडायचं ते सांगणाऱ्या रूपाचंही, तसंच. "तो रोज पहाटे उठे, खिडकीपाशी उभा राही" हे रूप आता लोक वापरेनासे झालेत, सगळे "उठायचा, राहायचा" लिहितात. दोन्हींची चाल वेगळी आहे. पहिल्यात सांगणारा जरा लांब उभा असतो. मोठ्याने वाचून बघा, ऐकू येतं.

म्हणून मराठी लिहिणाऱ्याने शोधताना मराठीत वाचणारा माणूस आधी शोधावा. व्याख्यान कुठल्याही भाषेतलं चालेल.

निळी_शाई

काना_मात्रा, दार उघडलं, पत्र वाचलं... मी आत्ता माझी जुनी कथा काढून बघितली. निवेदिका पहिल्याच ओळीत "आले" म्हणतेय. काही कारण नव्हतं सांगायचं. आज रात्री यावर बसणार.

खोडरबर, तुम्ही बावन्न जणांच्या बॅचबद्दल लिहिलंत त्याबद्दल आभार. मला त्या पहिल्या लेखकांबद्दल जी अढी होती ती बरीच सैल झाली.

रातकिडा

नमस्कार. दोन वर्षं इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. काना_मात्रा यांनी सांगितलेली सँडरसन यांची व्याख्यानं मी पाहिली आहेत, मला ती आवडली, कथानकाची वीण समजली. पण मी अजून कुणालाच माझं लिहिलेलं दाखवलेलं नाही. वर्गाला नाव नोंदवायची भीती वाटते ती त्यासाठीच. हा धागा वाचून वाटलं, चार ओळी इथेच टाकाव्यात. कुणी वाचलं तर.

"ताई नऊ वर्षांनी घरी आली. आमच्या दोघांत एक विचित्र अवघडलेपण होतं. काय बोलावं ते आम्हाला सुचत नव्हतं. जुन्या आठवणी मनात दाटून आल्या होत्या."

उंबरठा

वाचलं. नऊ वर्षं हा आकडा मनात राहिला. दहा नाहीत, नऊ. कुणीतरी मोजलेली वर्षं वाटली.

खोडरबर

पहिल्यांदा दाखवताय, मनापासून स्वागत. मत देत नाही, एक विचारतो. ताई आत आल्यावर कुठे बसली?

रातकिडा

उंबरठा ताई, हो, मोजलेली आहेत.

खोडरबर सर, दुपारभर विचार करत होतो. हे लिहिलं:

"ताई दाराजवळच्या खुर्चीत बसली. पिशवी मांडीवरच ठेवली. म्हणाली, 'पाणी मिळेल का?' स्वयंपाकघर कुठे आहे ते तिला माहीत होतं."

काना_मात्रा

"पाणी मिळेल का?" घरचं माणूस "पाणी दे रे" म्हणतं. नऊ वर्षं त्या एका "मिळेल का"मध्ये बसली आहेत. शेवटच्या वाक्याबद्दल माझं एक मत आहे. सांगू?

रातकिडा

सांगा ना.

काना_मात्रा

ते काढून वाचून बघा. "मिळेल का?" नंतर थांबा.

निळी_शाई

मला मात्र ते वाक्य हवंसं वाटतंय. त्यात भावाची तक्रार ऐकू येते. काढलं तर ताईच उरते, भाऊ जातो. कथा कुणाची आहे त्यावर ठरेल.

अर्धविराम

मी यात बोलणार नव्हतो. पण सकाळपासून एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये, तो विचारतो. तुम्ही तिला पाणी कशातून दिलंत?

रातकिडा

पाहुण्यांच्या पेल्यातून. कपाटातून नवा काढून, धुऊन.

हे मला आत्ता, तुम्ही विचारल्यावर आठवलं. मीही तेच केलं होतं. थांबा, लिहून आणतो.